पेगच्या आधीची गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी ज्या गोळीबद्दल बोलणार आहे, ती बहुतेक तुमच्या घरात आहेच. फ्रिजवरच्या डब्यात, कपाटाच्या खणात, नाहीतर स्कूटरच्या डिकीत. कुणी तिला गॅसची गोळी म्हणतं, कुणी पित्ताची, कुणी ॲसिडिटीची. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल, लॅन्सोप्राझोल ही तिची औषधी नावं. जठरातलं आम्ल कमी करणं हे तिचं काम, आणि ते काम ती फार चोख करते. अल्सरने रक्त ओकणारी माणसं या औषधांनी वाचली आहेत. तेव्हा पुढे मी जे सांगणार आहे ते या गोळीच्या विरोधात आहे असं कृपया कुणी समजू नये. माझा आक्षेप आहे तो एका सवयीला.

मी फार्मासिस्ट आहे. गोव्यात फोंड्याला औषधांच्या दुकानात उभा असतो. मार्च महिना उजाडला, बाजारात हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू आली, की शनिवारी संध्याकाळी तिशीतला एखादा तरुण हमखास काउंटरवर येतो. "काका, गॅसची एक गोळी द्या." मी विचारतो, "कशाला रे? जळजळतंय का?" तो म्हणतो, "आता नाही हो, रात्री जळजळणार. दोन ग्लास हुर्राक घेतलं की छातीत आग होते. आधीच गोळी टाकली की काही होत नाही." त्याच्या बोलण्यात काही लपवाछपवी नसते. हेल्मेट घालून गाडी चालवावी तशा विश्वासाने तो गोळी घालून प्यायला बसतो. त्याला वाटतं, आपण पोटाची काळजीच घेतोय.

जळजळ थांबते हे खरं. पण ती थांबते म्हणजे दारूचा त्रास थांबतो असं नाही. उलट एक गोष्ट अशी घडते जी त्याला जाणवत नाही, कारण ती दुखत नाही. ती नेमकी काय, हेच आज सांगायचं आहे.

आधी दारूचं शरीरात काय होतं ते पाहू. दारूतला मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, मुख्यतः यकृतात मोडला जातो. अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम त्याचं ॲसिटाल्डिहाइड करतं. दुसरं एन्झाइम त्या ॲसिटाल्डिहाइडचं ॲसिटेट करतं, आणि ॲसिटेट पुढे शरीर इंधनासारखं वापरून टाकतं. या साखळीतला मधला पदार्थ सगळ्यात वाईट. ॲसिटाल्डिहाइड पेशींच्या डीएनएला चिकटतं, त्यात बिघाड करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2009 साली दारूशी निगडित ॲसिटाल्डिहाइडला पहिल्या गटात टाकलं. माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींचा तो गट आहे. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे.

यकृताकडे हे विष लगेच निकालात काढण्याची सोय आहे, म्हणून तिथे ते फारसं साचत नाही. अडचण आहे ती जिवाणूंची. आपल्या तोंडात कोट्यवधी जिवाणू राहतात आणि त्यांच्यापैकी कित्येकांकडे अल्कोहोल डिहायड्रोजिनेज असतं. स्ट्रेप्टोकॉकस कुळातले काही जिवाणू, नायसेरिया, शिवाय कॅन्डिडा ही बुरशी, हे सगळे समोर आलेल्या मद्यार्काचं ॲसिटाल्डिहाइड करू शकतात. पण त्याची पुढची विल्हेवाट लावायची ताकद त्यांच्याकडे कमी. त्यामुळे त्यांनी केलेलं ॲसिटाल्डिहाइड तिथंच साचतं. दारूचा घोट घेतल्यावर लाळेत ॲसिटाल्डिहाइड वाढतं ते याच कारणाने. सोबत सिगारेट असेल तर आणखी वाढतं. दात किडलेले, हिरड्या सुजलेल्या असतील तरीही वाढतं.

काजूच्या भट्टीवर जाऊन आलेल्यांना यातला एक भाग ऐकून नवल वाटेल. बोंडं तुडवून काढलेला रस आंबायला ठेवतात तेव्हा त्यात यीस्ट काय करतं? साखर मोडत मोडत ते ॲसिटाल्डिहाइडपर्यंत येतं आणि शेवटच्या पायरीवर याच जातीचं एन्झाइम वापरून ॲसिटाल्डिहाइडचा मद्यार्क करतं. भांड्यात जी रासायनिक वाट एका दिशेने चालली, तीच पोटात जिवाणू उलट्या दिशेने चालतात. मद्यार्क भरपूर असला की एन्झाइम त्याला परत ॲसिटाल्डिहाइडकडे नेतं. हुर्राक असो, फेणी असो, बियर असो की महागातली व्हिस्की, यात काही फरक पडत नाही. "आमची फेणी शुद्ध, गावची, तिने काही होत नाही" असं अभिमानाने सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 साली राज्य सरकारने तिला वारसा पेय म्हणून मान दिला, या गोष्टींचं मलाही कौतुक आहे. पण तिच्यातला मद्यार्क हा मद्यार्कच.

आता जठराकडे वळू. पीएच म्हणजे आम्लाची तीव्रता सांगणारा आकडा, जितका लहान तितकं आम्ल तीव्र. निरोगी, रिकाम्या जठरात तो साधारण 1 ते 2 इतका असतो. एवढ्या तीव्र आम्लात लाळेबरोबर गिळले गेलेले जिवाणू मिनिटांत मरतात. आपल्याकडे गावच्या सीमेवर राखणदार असतो, त्याला नारळ-विडा ठेवल्याशिवाय काम सुरू होत नाही. पोटातलं आम्ल हे तसं राखणदाराचं ठिकाण आहे. आपण रोज त्याला 'पित्त झालं' म्हणून दोष देतो, पण तोंडातल्या जिवाणूंना पोटात वस्ती करू न देणारं तेच.

ॲसिडिटीची गोळी नेमकी तिथेच हात घालते. जठराच्या अस्तरातल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे पंप असतात. ही गोळी त्या पंपांना कायमची जखडते. शरीर नवे पंप बनवेपर्यंत आम्लाचा पुरवठा तुटलेला राहतो. म्हणून तर एक गोळी दिवसभर पुरते, आणि म्हणूनच पूर्ण परिणाम यायला तीन ते पाच दिवस लागतात. पीएच 2 वरून 5 वर गेला तर आकड्यात फरक तीनचाच दिसतो, पण प्रत्यक्षात आम्लता हजार पटींनी उतरलेली असते. पीएच 4 च्या वर गेला की गिळलेले जिवाणू मरत नाहीत. ते जठरात राहतात, वाढतात. आणि मग संध्याकाळी वरून हुर्राक येतं.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात मिक्को सालास्पुरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या एका प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं. 2000 साली त्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी स्वयंसेवक घेतले. त्यांच्या नाकातून जठरापर्यंत नळी घालून, तिच्यातून ठरावीक प्रमाणात मद्यार्क सोडला आणि थोड्या थोड्या वेळाने जठरातला रस काढून त्यातलं ॲसिटाल्डिहाइड मोजलं. मग त्याच लोकांना आठवडाभर लॅन्सोप्राझोल दिलं आणि सगळं पुन्हा तसंच केलं. नळीतून मद्यार्क सोडण्यामागे विचार होता. तो तोंडाला लागलाच नाही, त्यामुळे जे ॲसिटाल्डिहाइड सापडलं त्यातलं किती जठरात तयार झालं हे कळत होतं. गोळीच्या आठवड्यानंतर जठररसात जिवाणू वाढलेले होते आणि ॲसिटाल्डिहाइडही स्पष्टपणे वाढलेलं होतं. माणसं तीच, मद्यार्क तेवढाच. बदललं होतं ते फक्त आम्ल.

याच गटाने जठराचं अस्तर झिजलेल्या, म्हणजे मुळातच आम्ल कमी झालेल्या रुग्णांवरही असाच अभ्यास केला. तिथेही जठरातलं ॲसिटाल्डिहाइड निरोगी माणसांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. म्हणजे दोष त्या विशिष्ट गोळीच्या रसायनात नाही. आम्ल गेलं, कारण कुठलंही असो, की जिवाणूंना मोकळं रान मिळतं.

आता या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. पोटातल्या जिवाणूंमध्ये एक जण आम्लाला न जुमानता राहतो, हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी 1982 मध्ये तो शोधून वाढवला. अल्सर हा ताणामुळे आणि तिखटामुळे होतो असं तेव्हा सगळे डॉक्टर मानत होते. मार्शल यांनी 1984 मध्ये त्या जिवाणूंचं मिश्रण स्वतः पिऊन पोटात दाह होतो हे दाखवलं. दोघांना 2005 चं नोबेल मिळालं. आपल्या देशात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जिवाणू मुक्काम ठोकून आहे. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

या हेलिकोबॅक्टरकडेही अल्कोहोल डिहायड्रोजिनेज आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हेलसिंकीच्याच संशोधकांनी प्रयोगशाळेत त्या जिवाणूंना मद्यार्क दिला आणि त्यांनी ॲसिटाल्डिहाइड तयार केलं. मग अल्सरची औषधं त्यात घालून पाहिली. बिस्मथ आणि ओमेप्राझोल या दोन्हींनी त्या एन्झाइमला अडवलं, ॲसिटाल्डिहाइड कमी झालं. तेव्हा कुणालाही वाटेल की अल्सरची औषधं दारूपासून पोटाचं रक्षणच करतात. काचेच्या नळीत ते खरंही आहे. एकच जिवाणू, त्याच्यावर थेट ओतलेलं औषध, आणि बाहेरून आत येणारं कुणीच नाही.

पण आपलं जठर म्हणजे बंद नळी नव्हे. त्यात दिवसभर लाळ उतरते, अन्न उतरतं, त्यांच्याबरोबर जिवाणू उतरतात. ओमेप्राझोलने हेलिकोबॅक्टरचं एक एन्झाइम अडवलं, तरी त्याच गोळीने आम्ल घालवून तोंडातल्या बाकी सगळ्यांना आत घेतलं. एकाच औषधाचा एका जिवाणूवर परिणाम एका बाजूचा आणि अख्ख्या पोटावर परिणाम दुसऱ्या बाजूचा. औषधांच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर मला वाटतं, हे ज्याला नीट समजलं त्याला कुठल्याही औषधाच्या जाहिरातीने सहज फसवता येणार नाही. बिस्मथचं तसं नाही. ते आम्ल बंद करत नाही, त्यामुळे त्याचा हा दुसरा परिणामही नाही. पण म्हणून कुणी पिण्याच्या आधी बिस्मथ घेऊ नये. ते डॉक्टरांनी ठरवलेल्या दिवसांपुरतंच घ्यायचं औषध आहे.

जुन्या श्रोत्यांना रॅनिटिडिन आठवत असेल. ॲसिडिटीचीच छोटी गोळी, घरोघरी असायची. तिच्याबद्दल वेगळीच भीती पसरली होती. आपल्या स्वतःच्या जठराच्या अस्तरातही थोडं अल्कोहोल डिहायड्रोजिनेज असतं, काही मद्यार्क तिथंच मोडला जातो. रॅनिटिडिन आणि तिच्याच जातीची सिमेटिडिन त्या एन्झाइमला अडवतात, त्यामुळे थोड्याशा दारूनेही रक्तातला मद्यार्क वाढतो, असं 1992 च्या सुमारास अमेरिकेतून प्रसिद्ध झालं. पुढच्या अनेक अभ्यासांत तो परिणाम अगदी किरकोळ निघाला किंवा दिसलाच नाही. पुढे रॅनिटिडिनमध्ये एनडीएमए नावाची, कर्करोग घडवू शकणारी अशुद्धी सापडली, 2020 साली अमेरिकेने ती गोळी बाजारातून काढायला लावली, आणि 2022 मध्ये आपल्या देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीतूनही ती गेली.

तरी गाडी चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्या कायद्यात मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम मद्यार्काची आहे. ती फार खाली आहे. 60 मिलिलिटरचा एक पेग म्हणजे सुमारे 20 ग्रॅम मद्यार्क, आणि तो उपाशी पोटी घेतला तर बऱ्याच जणांना मर्यादेच्या आसपास किंवा पलीकडे नेतो. बाजारातल्या ॲसिडिटीच्या अनेक गोळ्यांत डोंपेरिडोन मिसळलेलं असतं. ते पोट लवकर रिकामं करतं. पोट जितकं लवकर रिकामं, तितकी दारू लवकर आतड्यात, तितकी लवकर रक्तात. "मी तर गोळी घेतलीय, मला चढत नाही" म्हणत म्हापशाहून पेडण्याकडे गाडी काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता कुणी विचारेल, या ॲसिटाल्डिहाइडने मला कर्करोग होणारच का? असं कुणी म्हणत नाही. फिनलंडचे ते प्रयोग मोजक्या माणसांवरचे होते. वर्षानुवर्षं ही गोळी घेणाऱ्यांमध्ये जठराचा कर्करोग थोडा जास्त दिसतो असं काही निरीक्षणांत आढळलं आहे, पण तो गोळीमुळेच झाला हे त्यातून सिद्ध होत नाही. अशा माणसांच्या पोटात आधीपासून हेलिकोबॅक्टर असतो, दाह असतो, म्हणून तर ती गोळी घेत असतात. हेलिकोबॅक्टरला 1994 पासूनच कर्करोगकारक मानलेलं आहे. पण दारू, तिच्यातून तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड आणि हेलिकोबॅक्टर या तिन्ही गोष्टी त्याच पहिल्या गटातल्या आहेत, आणि त्या तिघींची गाठ एकाच जठरात पडते. त्यात आम्ल नाहीसं करून आपण आणखी भर घालायची का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणि जळजळ का होते, तेही पाहा. दारूने अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला झडपेसारखा स्नायू सैल पडतो, आणि आम्ल वर येतं. हुर्राकमध्ये लिमका, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची घालून आपल्याकडे घेतात. फसफसणाऱ्या पेयाने पोट फुगतं, वरचा दाब वाढतो. शेजारी तळलेले बांगडे, काजूगर, रात्रीचं उशिराचं जेवण, आणि लगेच आडवं पडणं. छातीतली आग हे शरीर सांगतंय की बस झालं. ते सांगणं गोळीने बंद केलं की माणूस तिसरा ग्लासही घेतो, आणि आम्ल नसलेल्या पोटात जिवाणूंना तेवढाच जास्त मद्यार्क मिळतो. शिवाय, आधी सांगितलं तसं, बैठकीच्या तासभर आधी घेतलेली एकच गोळी त्या रात्रीपुरतं अर्धवट काम करते. नेमाने रोज खाणाऱ्यांच्या पोटातच जिवाणूंची वस्ती पक्की होते. म्हणून 'फक्त शनिवारी' घेणाऱ्यापेक्षा, रोज सकाळी गोळी आणि रोज रात्री दोन पेग हा ज्यांचा नेम आहे, त्यांची मला जास्त काळजी वाटते. असे काका-मामा प्रत्येक वाड्यावर आहेत. चिठ्ठी पाच वर्षांपूर्वीची असते, तीसुद्धा दुसऱ्याच दुखण्याची.

अशांनी काय करावं? गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, हे पहिलं. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल, सांधेदुखीची औषधं चालू असतील, पूर्वी अल्सरमधून रक्त गेलं असेल, तर ही गोळी तुमचा जीव वाचवत असेल. शिवाय महिनोन्महिने घेतलेली गोळी एकदम तोडली की आम्ल उसळी मारून वर येतं, आधीपेक्षा जास्त जळजळतं, आणि माणूस पुन्हा गोळीकडे धावतो. डॉक्टरांकडे जाऊन सरळ विचारा, "ही मला कशासाठी दिली होती, अजून हवी आहे का, कमी करत करत थांबवता येईल का?" आणि किती पिता ते खरं सांगा. दोन म्हणून चार लपवू नका. गोळी ठेवायचीच असेल तर कमी करायची ती दारू. दात, हिरड्या दाखवून घ्या. प्यायच्या वेळी सिगारेट तर नकोच.

हेलिकोबॅक्टरची तपासणी आता सोपी आहे. श्वासाची आणि शौचाचीही चाचणी होते, प्रत्येक वेळी दुर्बीण घालावी लागत नाही. मात्र चाचणीच्या आधी दोन आठवडे ॲसिडिटीची गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर जिवाणू असूनही चाचणीत तो नाही असं दिसू शकतं. तेही डॉक्टरांना विचारूनच. जिवाणू सापडला तर साधारण 14 दिवसांचा उपचार असतो. दोन-तीन प्रतिजैविकं, सोबत आम्ल कमी करणारी गोळी, कधी बिस्मथ. त्यात मेट्रोनिडाझोल असेल तर उपचाराच्या दिवसांत आणि संपल्यावर आणखी तीन दिवस दारूचा थेंबही नको. मळमळ, घाम, छातीत धडधड होऊ शकते. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून कोर्स अर्धवट टाकणारे पुष्कळ भेटतात. अर्धवट टाकलेल्या कोर्समधून जे जिवाणू वाचतात, ते पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देत नाहीत. आपल्या देशात मेट्रोनिडाझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन या दोघांनाही न जुमानणारे जिवाणू आधीच खूप आहेत.

शेवटी काही लक्षणं सांगतो, कागद-पेन असेल तर लिहून घ्या. अन्न गिळताना अडकणं, काही कारण नसताना वजन उतरणं, वारंवार उलटी, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही, आणि डांबरासारखं काळं, चिकट शौच. यातलं एकही दिसलं तर गोळीवर दिवस काढू नका, माझ्यासारख्या दुकानदाराकडेही येऊ नका, थेट बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात किंवा जवळच्या रुग्णालयात जा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पित्ताचा त्रास सुरू झाला असेल तरी दाखवून घ्या. आणि लोहाच्या गोळ्या किंवा बिस्मथ चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्यांनीही शौच काळं होतं, आणि तो काळा रंग रक्ताचा की औषधाचा हे ठरवायला त्यांना मदत होते.

नमस्कार.